भीतीचा आकडा

केंद्राच्या फाटकावर मोगऱ्याचे वेल चढवले होते आणि वेलांच्या आड तारांचं कुंपण होतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोकम सरबताचा पेला मिळायचा, आणि तो रिकामा झाला की त्याच हाताच्या मनगटावर पट्टी बसायची, जी मग काढता येत नसे. इथे आणून कोंडलेल्या माणसांना कैदी म्हणायचं नाही, निर्वासितही म्हणायचं नाही. 'पाहुणे' म्हणायचं, असा कंपनीचा दंडक होता. पाहुण्यांची खोली, पाहुण्यांची पंगत, आणि ज्या दिवशी त्यांना बोटीत घालून जिथून पळून आले तिथे परत धाडायचं, त्या दिवसाचं नाव 'पाठवणी'. हा शब्द ज्या गृहस्थांना सुचला, त्यांचा वार्षिक समारंभात सत्कार झाला होता.

डॉ. ऋजुता मेथर त्या सत्काराला हजर होती आणि तिने टाळ्याही वाजवल्या होत्या. तेव्हा तिला हे सगळं फक्त बावळटपणाचं वाटायचं. किळस यायला पुढे वर्षभर लागलं.

मालवणच्या उत्तरेला, कातळाच्या उघड्याबोडक्या, सपाट सड्यावर हे केंद्र उभं होतं. समुद्र चढला, किनारे गिळले गेले, उरलेल्या जमिनीसाठी माणसं एकमेकांच्या नरड्यावर बसली, आणि जी जीव घेऊन पळाली त्यांच्या बोटी इकडे लागू लागल्या. आसरा कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे ठरवायचं काम सरकारने कंपनीकडे सोपवलं आणि कंपनीने ते यंत्राकडे सोपवलं. त्या यंत्राची जुळणी करणाऱ्या चार शास्त्रज्ञांपैकी ऋजुता एक. ती मालवणचीच, कोळ्यांच्या घरातली. शरीरशास्त्र शिकली, परदेशी राहिली, आणि हे काम मिळालं म्हणून हौसेने परत आली.

तिची हौस खोटी नव्हती. पूर्वी अधिकारी टेबलापलीकडे बसून विचारायचे, "कशावरून तुला मारतील?" समोरचा अडखळला की म्हणायचे खोटारडा आहे, घडाघडा बोलला की म्हणायचे पाठ करून आलाय. कायद्याला हवं होतं ते एकच: परत जाण्याची खरी भीती. ऋजुताला वाटलं, भीती शरीरात असते, मग शरीरालाच विचारू. माणूस घाबरला की मेंदू शरीराला पळायची तयारी करायला सांगतो. छाती धडधडते, तळवे घामेजतात, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. मनगटावरची पट्टी आणि छतातले कॅमेरे मिळून हे सगळं टिपणार आणि त्यातून एक आकडा काढणार. साठाच्या वर आकडा गेला तर आसरा, खाली राहिला तर पाठवणी. यात अधिकाऱ्याची मर्जी नाही, जात-धर्म नाही, भाषेची अडचण नाही. तिला ते न्यायाचं वाटलं होतं.

चाचणीच्या खोलीला 'दर्शन कक्ष' म्हणायचे. पाहुण्याला मधोमध खुर्चीत बसवायचं आणि तिन्ही भिंतींवर त्याचंच गाव उभं करायचं. तोच किनारा, तीच पायवाट, ज्यांच्या भीतीने तो पळाला तीच माणसं त्याच्या दिशेने चालत येताहेत. ऋजुता काचेपलीकडे बसून आकडा बघायची. आणि लेमा आली त्या दिवशी आकडा नऊवर जाऊन थांबला.

लेमा मेरुंग बेटांवरची. तिशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी. तिच्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या बायका समुद्रात खोल बुडी मारून शिंपले काढत. समुद्राने अर्धं बेट खाल्लं आणि उरलेलं बंदूकवाल्यांनी बळकावलं. आता बुड्या त्यांच्यासाठी मारायच्या. लेमाच्या नवऱ्याने, ओकूने, नाही म्हटलं. त्यांनी त्याला तिच्या डोळ्यांदेखत नांगराला बांधून पाण्यात सोडलं. ती त्याच्यामागे उतरली होती, पण गाठ सुटली नाही.

हे सगळं तिच्या जबानीत होतं, पण जबान्या आता कुणी वाचत नसे.

भिंतीवर बंदूकवाले चालत येत होते आणि लेमा हात मांडीवर ठेवून बसली होती. केंद्रप्रमुख कार्लेकर ऋजुताच्या मागे येऊन उभे राहिले. गोल चष्मा, गोल चेहरा आणि सदोदित हसरं तोंड. "वा," ते म्हणाले, "ही तर माहेरी निघाल्यासारखी निवांत बसलीय! गुरुवारच्या बोटीत नाव घाला हिचं."

ऋजुता लेमाच्या बोटांकडे बघत होती. नखं निळसर पडली होती. निवांत माणसाचे हात उबदार असतात; रक्त सैलपणे टोकापर्यंत जातं. इथे हृदयाचे ठोके संथ होते, पण हातापायांतलं रक्त आटून आत गेलं होतं. निवांतपणात असं होत नाही. हे होतं ते खोल पाण्यात. श्वास रोखून माणूस खाली गेला की शरीर काटकसरीला लागतं. ठोके मंदावतात, रक्त हातापायांतून निघून काळीज आणि मेंदूभोवती गोळा होतं. प्रत्येक माणसात हे थोडंफार असतं. बाळपणापासून बुड्या मारणाऱ्यांत ते इतकं मुरतं की संकट दिसलं की पाणी नसतानाही शरीर तेच करतं.

संध्याकाळी तिने लेमाला गाठलं. दोघींच्या कानात दुभाषा यंत्र होतं. ते पाहुण्यांचं बोलणं कंपनीच्या गुळचट भाषेत आणायचं, 'आपण', 'कृपया', 'आभारी आहे'. ऋजुताने ती सोय बंद केली तेव्हा कुठे लेमाचा खरा सूर ऐकू आला.

"तू घाबरली नव्हतीस?"

"मी उतरले होते," लेमा म्हणाली. "भीती वाटली की आम्ही उतरतो. वरवर धडपडणारी पाण्यात मरते. आईने चालायच्या आधी हे शिकवलं मला."

"आणि किती उतरली होतीस?"

लेमाने तिच्याकडे पाहिलं. "ओकूच्या मागे गेले होते ना, तितकी."

म्हणजे ती जितकी जास्त घाबरेल तितका आकडा खाली जाणार होता. नऊ हा त्या खोलीतला आजवरचा सगळ्यात घाबरलेला आकडा होता.

कार्लेकरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं, "मुद्दा रोचक आहे, डॉक्टर. मुख्यालयाला कळवा. सहा-आठ महिन्यांत बघतील."

"बोट गुरुवारी आहे."

"मग काय करायचं? उद्या डोंगरातले येतील, म्हणतील आमचं काळीज वेगळं. वाळवंटातले म्हणतील आमचा घाम वेगळा. प्रत्येकाचं वेगळं बघत बसायचं तर यंत्र कशाला हवं?" एवढं बोलून त्यांनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

बुधवारी दुपारी ऋजुताच्या पडद्यावर लेमाचा आकडा अचानक सहासष्टवर गेला. काहीतरी भयंकर घडलं असं समजून ती धावत पंगतीच्या खोलीत गेली. तिथे पहारेकऱ्याच्या ताटातला आख्खा बांगडा मांजराने पळवला होता, पहारेकरी मांजरामागे टेबलाखालून रांगत होता, आणि लेमा पोट धरून हसत होती.

ऋजुता दारातच थांबली. छातीची धडधड, तळव्यांचा घाम, मोठ्या झालेल्या बाहुल्या. आनंदातही हेच होतं. यंत्राला दोन्हीतला फरक कळत नव्हता, कारण तो कुणी शिकवलाच नव्हता. त्या खोलीत बसून कुणी आनंदी असेल, ही शक्यता चौघाही शास्त्रज्ञांना सुचली नव्हती, तिलासुद्धा.

तिने लेमाला पुन्हा चाचणीला बसवण्याची परवानगी मिळवली, पट्टी सैल होती असं कारण देऊन. मग लेमाजवळ बसून तिने ते सांगितलं. सांगताना तिला स्वतःच्याच तोंडाची घाण वाटत होती.

"उद्या भिंतीवर ते दिसले की आनंदाचं काहीतरी आठव. खूप आनंदाचं. छाती धडधडली पाहिजे."

"त्यांच्या तोंडाकडे बघत?"

"हो. डोळे मिटले तर चाचणी बाद होते."

"ओकूचं आठवू?"

"कुणाचंही. पण उतरायचं नाही."

लेमा म्हणाली, "तुम्हाला माझी भीती दाखवायला मी सुखात बसायचं. असली घाण डोक्यात आली तरी कुणाच्या?"

गुरुवारी सकाळी आकडा एक्काहत्तर आला. कार्लेकर खूश झाले. "बघा! घाबरली की नाही? उगाच यंत्राला नावं ठेवत होतात." त्यांनी लेमाला स्वतःच्या हाताने पेढा दिला आणि सुरक्षित जीवनाच्या शुभेच्छा दिल्या. लेमाने पेढा मुठीत धरला आणि बाहेर आल्यावर टाकून दिला. काय आठवलंस, असं ऋजुताने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की ओकू तिला मागणी घालायला आला तेव्हा मित्राचे उसने कपडे घालून आला होता आणि फळीवरून पाय घसरून सगळ्या गावादेखत पाण्यात पडला होता.

पण एकदा घाबरून भागत नव्हतं. आसरा म्हणजे केंद्रातच राहायचं, आणि भीती ताजी आहे की विरली, हे दर महिन्याला तपासायचं, असा नियम होता. विरलेल्या भीतीला आसरा देऊन सरकारने भुर्दंड का सोसायचा? तेव्हा लेमा दर महिन्याला त्या खुर्चीत बसू लागली आणि बंदूकवाल्यांच्या थोबाडाकडे बघत आपलं सुख एकेक करून काढू लागली. बहिणीचं बारसं, पहिला मोठा शिंपला, पावसात सगळ्यांनी केलेला नाच.

चौथ्या महिन्यात आकडा कसाबसा एकसष्टवर आला. त्या दिवशी लेमा म्हणाली, "आता ओकू फळीवरून पडतो ना, तेव्हा काठावर ते उभे असतात. तो पडतो आणि वर येत नाही. मी दुसरं काढते, तर त्यातही ते येतात. घरात घुसावे तसे ते माझ्या सगळ्या दिवसांत घुसलेत. मीच दार उघडून दिलं."

ऋजुताला रात्रंदिवस कसलीतरी ओकारी गळ्याशी आल्यासारखं व्हायचं. सुट्टीत ती मालवणला घरी गेली, तर जेवताना आईच्या मानेवरची शीर किती उडते ते बघत बसली.

"माझ्याकडे अशी काय बघतंस गो?" आई म्हणाली. "मी बरी आसंय म्हणान सांगतंय, तर तुका पटणा नाय?"

"पटतं गं."

"नाय पटणा. तू आता माणसाचा तोंड बघतंस, पण आयकणंस नाय." मग आईने तिच्या ताटात आणखी भात वाढला. "त्या तुझ्या शिंपलेवाल्या बायेक काय आवडता? डबो दितंय. तुमच्याकडचा सरबत पिऊन कोण बरा होवचा नाय."

आईने तिसऱ्यांचं, त्या छोट्या शिंपल्यांचं, सुकं करून दिलं, भरपूर खोबरं घालून. बाहेरचं अन्न आत नेण्याची मनाई होती. ऋजुताने डबा आपल्या उपकरणांच्या पेटीत घातला आणि लेमाला जुळणीच्या खोलीत बोलावलं. तिथले कॅमेरे तिच्या हातात होते. ते तिने बंद ठेवले.

झाकण उघडल्यावर लेमाने आधी नुसता वास घेतला. मग ती जेवली, पटापट, शिंपला ओठाला लावून आतला रस ओढत. ऋजुताला तितक्या सफाईने जमेना, तेव्हा लेमा तिच्या हातावर चापट्या मारून शिकवू लागली. डबा संपल्यावर लेमाने दोन रिकाम्या शिंपल्या उचलल्या, डोळ्यांच्या खोबणींत घट्ट बसवल्या, गाल फुगवले, पोट पुढे काढलं आणि हात जोडून कमरेत वाकली. "सुस्वागतम्," ती चक्क मराठीत म्हणाली, पाहुण्यांचं स्वागत करताना कार्लेकर लावतात अगदी त्याच लाडिक सुरात. वाकताना एक शिंपली निसटून डब्यात पडली, तर एका डोळ्याचा कार्लेकर ती चाचपडत शोधू लागला. ऋजुताला हसता हसता उचकी लागली. तिला हसताना बघून लेमाचं हसू थांबेना. दोघी भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मग लेमाने विचारलं, "हे उद्यासाठी आहे का?"

"काय?"

"उद्या माझी चाचणी आहे. माझ्याकडचं संपलंय, हे तुला माहीत आहे. तू मला हसवायला आलीस का? उद्या मी हे वापरावं म्हणून?"

ऋजुता नाही म्हणणार होती. आईचा डबा घेतला तेव्हा तिच्या मनात काय होतं? मैत्रीण उपाशी आहे हे होतं, आणि आकडा घसरतोय हेही होतं. कुठलं आधी होतं, ते तिचं तिलाच सांगता येईना.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

लेमाने डब्यातल्या शिंपल्या गोळा केल्या, झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला. "आईला सांग, खोबरं छान होतं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर बंदूकवाले चालत आले. आकडा चाळीसवर होता. आता वर जाईल, आता जाईल, म्हणून ऋजुता काचेला नाक लावून बघत राहिली. लेमाने एकदा काचेकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि ती उतरू लागली. तीस. अठरा. बोटं निळी पडत गेली. सहा.

"भीती गेली वाटतं," कार्लेकर म्हणाले. "अभिनंदनच करायला हवं. आपल्या केंद्राचं वातावरणच असं आहे. दुपारची बोट आहेच."

"ती मरणाची घाबरली आहे," ऋजुता म्हणाली. "मी तिला खोटा आकडा काढायला शिकवलं होतं. हे यंत्र खोटं आहे. माझी तक्रार नोंदवा."

कार्लेकरांचं हसू जागेवरच राहिलं. "विचार करून बोला, डॉक्टर. नोकरी जाईल."

"नोंदवा."

कर्मचाऱ्याच्या तक्रारीची पद्धत ठरलेली होती. तक्रार मनापासून असेल तर चौकशी होईपर्यंत पाठवणी थांबायची. आणि ती मनापासून आहे की कुणी आकसाने केलीय, हे ठरवायला हाताशी एक यंत्र होतंच. जेवणाची वेळ होते न होते तोच ऋजुता स्वतः त्या खुर्चीत बसली होती. पट्टी तिच्या मनगटावर होती आणि काचेपलीकडे कार्लेकर होते.

तिन्ही भिंतींवर धक्का उभा राहिला, त्या क्षणी खाली किनाऱ्यावर जे घडत होतं ते. लेमा रांगेत उभी होती. एक पहारेकरी प्रत्येकाच्या हातात नारळ आणि ओटीचे तांदूळ देत होता. पाठवणी ना! लेमाने नारळ घेतला नाही, म्हणून त्याने तो हसत हसत तिच्या झोळीत कोंबला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं.

ऋजुताला त्या नारळाची किळस आली, त्या हाताची आली, काचेपलीकडच्या गोल चेहऱ्याची आली, आणि हे यंत्र आपण टाळ्या घेत उभारलं त्याची सगळ्यात जास्त आली. आणि कोपऱ्यातला आकडा खाली चालला होता. बावीस. चौदा. शास्त्र तिला ठाऊक होतं. भीती माणसाला पळायला लावते, म्हणून काळीज धावतं. किळस ओकायला लावते, तेव्हा शरीराचं सगळं लक्ष पोटाकडे जातं आणि काळीज मंदावतं. यंत्राने तिच्यापुरता निकाल दिला होता: तक्रारदार शांत आहे.

"डॉक्टर," कार्लेकरांचा आवाज आला, "तुम्हाला तर काहीच वाटत नाहीये."

रांग पुढे सरकली. लेमाच्या पुढे आता मोजकीच माणसं उरली होती.

यंत्र फसतं ही तिची तक्रार होती, आणि ती खरी ठरवायला तिने यंत्राला फसवणं भाग होतं. ऋजुताने डोळे उघडे ठेवले आणि सुख शोधू लागली. पदवीचा दिवस. काही नाही. लहानपणी वडिलांच्या होडीत पहिल्यांदा बसली तो दिवस. आकडा हलला, सतरावर गेला आणि पडला. एवढं आयुष्य जगलो आणि छाती धडधडावी असं इतकंच? लेमाने बोटीवर चढायच्या फळीवर पाऊल ठेवलं.

मग तिने ती आठवण काढली. लेमाने स्वतःच्या जिवासाठीसुद्धा जी या खोलीत आणली नव्हती, ती. डोळ्यांत शिंपल्या बसवलेली, गाल फुगवलेली लेमा. सुस्वागतम्. समोर भिंतीवर खरी लेमा फळीवरून चालत होती, आणि ऋजुता दात आवळून तिचं ते वाकणं, तो निसटलेला डोळा, ते चाचपडणं पुन्हा पुन्हा समोर आणत होती. उचकी लागल्यागत तिची छाती उडू लागली. तीस. सत्तेचाळीस. पाठीवरचा तो हात, नारळ, शिंपल्या, हसू, सगळं एकात एक कालवलं गेलं. साठ. चौसष्ट.

काचेपलीकडे कार्लेकर फोनवर म्हणाले, "मेरुंगच्या बाईला उतरवून घ्या. तक्रार मनापासून आहे."

चौकशी बसली. तिचा निकाल लागेपर्यंत लेमाची चाचणी नाही आणि पाठवणीही नाही, असं ठरलं. ऋजुताला घरी बसवलं, पण साक्षीसाठी अधूनमधून केंद्रात यावं लागे. अशाच एका दुपारी ती पंगतीच्या खोलीत गेली. तिला पाहून लेमा उठली, हसली, टेबलावरची बाटल्यांची दोन झाकणं उचलून तिने डोळ्यांत बसवली आणि गाल फुगवले. आजूबाजूच्या बायका खिदळल्या.

ऋजुताला फळी दिसली. पाठीवरचा हात दिसला. ती वळली आणि स्वयंपाकघरामागच्या नळापाशी जाऊन भडाभडा ओकली.

लेमा मागोमाग आली. तिने नळ सोडला, ऋजुताचं तोंड धुतलं, मग तिच्याकडे नीट बघितलं. झाकणं अजून तिच्या मुठीत होती.

"तीच वापरलीस?"

"हो," ऋजुता म्हणाली. "दुसरी नव्हती."

लेमा तिथेच ओल्या फरशीवर बसली. रागावली नाही, रडली नाही. नळ बंद करायचा राहून गेला होता, तो तिने हात लांब करून बंद केला.

"मी ती आपल्या दोघींसाठी ठेवली होती," ती म्हणाली.